शिंप्याची लेक आणि पुस्तकांची बॅग

(आपल्या संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्या ताईंना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. आपापल्या गटात वाचून दाखवावा.)



मी बोलायला उभी राहिले की तुम्हाला वाटतं, आता ही थकीत हप्त्यांची यादी काढणार, नाहीतर विम्याचे फॉर्म. आज दोन्ही नाही. आज मी एका कादंबरीबद्दल बोलणार आहे.

कारण सांगते. आपल्यापुढे एक ठराव आलाय. संघाच्या कार्यालयात पुस्तकांचं एक कपाट ठेवायचं, आणि गटाची बैठक संपली की पंधरा मिनिटं एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. हा ठराव घेऊन मी गावागावात गेले तेव्हा सगळीकडून फिरून फिरून तीनच प्रश्न आले. पहिला, "आम्हाला सहीपुरतं येतं, आम्ही पुस्तकाचं काय करायचं?" दुसरा, "गोष्टीनं पोट भरतं का? त्यापेक्षा त्या पैशात काही धंद्याचं बघा." आणि तिसरा प्रश्न कोणी सभेत विचारला नाही. बैठक संपल्यावर, चप्पल घालता घालता, हळू आवाजात विचारला. "पोरीबाळींच्या, सुनांच्या हातात असली पुस्तकं गेली आणि त्यांच्या डोक्यात भलतंच काही शिरलं तर?"

तिन्ही प्रश्न खरे आहेत. त्यांची उत्तरं मी माझ्या मनानं दिली तर तुम्ही म्हणाल, ही शिकलेली पोरगी, हिला काय जातंय बोलायला. म्हणून मी एक गोष्टच सांगते. ती ऐका, मग ठरवा.

पुस्तकं जिथे गुन्हा होती

कादंबरी आहे चीन देशातली. नाव 'बाल्झाक आणि छोटी चिनी शिंपीण'. बाल्झाक हा फ्रान्समधला फार मोठा लेखक, १८५० साली वारला. आणि शिंपीण ही चीनच्या डोंगरातली एका शिंप्याची लेक. या दोघांची गाठ पडायचं काही कारणच नाही. पण पडते, आणि ती कशी पडते याचीच ही गोष्ट.

लिहिणाऱ्याचं नाव दाई सिजी. ते मूळचे चीनचे, पुढे १९८४ साली फ्रान्सला गेले आणि २००० साली त्यांनी ही कादंबरी फ्रेंच भाषेत लिहिली. २००२ साली तिच्यावर स्वतःच सिनेमाही केला. मी ती इंग्रजीत वाचली. तुम्हाला मराठीत सांगतेय. म्हणजे बघा, चीनमधली गोष्ट, फ्रेंचमध्ये लिहिलेली, इंग्रजीत आलेली, आणि आज आपल्या सतरंजीवर येऊन बसलेली.

आता थोडी मागची हकीकत. चीनमध्ये १९६६ साली माओ या तिथल्या पुढाऱ्यानं 'सांस्कृतिक क्रांती' सुरू केली. ती १९७६ पर्यंत चालली. शाळा-कॉलेजं बंद पडली. डॉक्टर, शिक्षक, लेखक यांना शत्रू ठरवलं. पुस्तकं जाळली. आणि शहरातल्या शिकलेल्या मुलामुलींना खेड्यात पाठवलं, का तर गरीब शेतकऱ्यांकडून त्यांनी 'नवं शिक्षण' घ्यावं. अशी दीड कोटीहून जास्त तरुण मुलं घर सोडून गेली. दाई सिजी त्यांच्यातलेच एक. १९७१ ते १९७४ ते असेच डोंगरात होते. म्हणून ही गोष्ट रचलेली असली तरी तिच्यातली थंडी, भूक आणि भीती ऐकीव नाही.

कादंबरीत दोन मित्र आहेत. एक लुओ, अठरा वर्षांचा, दाताच्या डॉक्टरचा मुलगा. दुसरा गोष्ट सांगणारा, सतरा वर्षांचा. त्याचे आईवडील दोघेही डॉक्टर, म्हणजे सरकारच्या लेखी शत्रू. या दोघांना एका उंच डोंगरावरच्या गावात पाठवतात. काम काय? माणसांच्या आणि जनावरांच्या घाणीच्या बादल्या पाठीवर बांधून डोंगर चढायचा आणि शेतात ओतायच्या. दोन महिने कोळशाच्या खाणीतही राबावं लागतं. त्यांच्यासारख्यांची घरी परत जायची शक्यता किती, तर हजारात तीन.

गावात पुस्तक नाही. म्हणजे पार नाही. फक्त सरकारी छापाची.

उत्तर पहिलं: ऐकणं हेही वाचणंच

त्या गावचा प्रमुख मोठा गमतीचा माणूस आहे. कडक आहे, पण त्याला गोष्टींचं वेड. लुओला गोष्ट सांगायची कला आहे. तेव्हा प्रमुख काय करतो? या दोघांना दोन दिवसांच्या वाटेवरच्या गावी सिनेमा बघायला पाठवतो. अट एकच. परत येऊन सगळ्या गावाला तो सिनेमा सांगायचा, आणि सिनेमा जेवढा वेळ चालला तेवढाच वेळ सांगायचा. एक मिनिट कमी नाही. आणि हे जाण्यायेण्याचे दिवस कामाचे धरायचे!

मला हे वाचताना आपल्याकडची पोथी आठवली. पोथी वाचणारा एक, ऐकणारं सगळं गाव. पारायणाला जी आजी पहिल्या ओळीत बसायची तिला अक्षर ओळखता येत नसायचं, पण वाचणारा एक ओवी चुकला तर तीच आधी मान हलवायची. श्रावणात कहाणी सांगायची, ती ऐकणाऱ्यांनी हातात अक्षता धरून ऐकायची. आपल्या आयाबायांनी हजारो पानं अशी कानानं वाचली आहेत. जात्यावरच्या ओव्या तर त्यांनी स्वतःच रचल्या. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांच्या कविता दुसऱ्यांनी उतरवून घेतल्या म्हणून आज आपल्या मुलांच्या पुस्तकात आहेत.

कादंबरीतही गाण्यांचा एक प्रसंग आहे. डोंगरात एक म्हातारा चक्कीवाला असतो. त्याला रांगडी, चावट गाणी पाठ असतात. ही मुलं ती लिहून आणतात. पण ज्याच्यासाठी आणतात तो शहरातला मुलगा ती वाचतो, नाक मुरडतो, आणि शब्द बदलून त्यात सरकारी घोषणा घालतो. गाणं मरतं. मला वाटतं, गावातल्या माणसांचं बोलणं लिहून घेणाऱ्या प्रत्येकानं हे पान वाचावं. आपल्या वार्तापत्रात तुमचे अनुभव छापायचे तर तुमच्या शब्दांत छापायचे, ते यासाठीच.

तर "मला वाचता येत नाही" म्हणणाऱ्या मावशींना माझं उत्तर एवढंच. वाचणारी एक पुरे. गटात दहावी-बारावी झालेली एखादी सून असतेच. तिनं वाचायचं, तुम्ही ऐकायचं, आणि तिचं कुठे चुकलं तर सांगायचं.

बॅग

आता मुख्य गोष्ट. शेजारच्या गावात यांचा एक ओळखीचा मुलगा असतो. त्याला सगळे चष्मेवाला म्हणतात. त्याच्याकडे एक बॅग आहे. चामड्याची, कुलूप लावलेली, आणि तो तिच्याबद्दल बोलायलाच तयार नाही. या दोघांच्या लक्षात येतं, हिच्यात पुस्तकं आहेत. बंदी असलेली.

एकदा चष्मेवाल्याचा चष्मा फुटतो. त्याला दिसेना. सरकारी गोदामात तांदूळ पोचवायचा असतो, नाही पोचवला तर त्याची धडगत नाही. हे दोघं त्याचं ओझं उचलतात आणि मजुरी म्हणून एक पुस्तक मागतात. तो नाखुशीनं एक पातळसं पुस्तक देतो. ते बाल्झाकचं.

लुओ रात्रभर वाचतो. सकाळी उठतो आणि डोंगर तुडवत थेट शिंप्याच्या घरी जातो. त्या पोरीला ही गोष्ट सांगायची म्हणून. पुस्तक मित्राकडे राहतं, तोही दिवसभर वाचतो. आणि त्याला वाटतं, यातलं काहीतरी आपल्याजवळ राहिलं पाहिजे. कागद नाही. मग तो आपला मेंढीच्या कातड्याचा कोट उलटा करतो आणि आतल्या बाजूला बारीक अक्षरात पुस्तकातला एक भाग उतरवून काढतो. पुढे तो कोट ती शिंप्याची लेक अंगात घालते आणि तिला त्या शब्दांचा स्पर्श अंगाला जाणवतो.

हा प्रसंग मी वाचला तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. आपण परकरच्या खिशात पैसे जपतो, ब्लाउजमध्ये चिठ्ठी जपतो. त्यानं गोष्ट जपली.

पुढे चष्मेवाल्याची शहरात परत जायची सोय होते, आणि तो निघायच्या आदल्या रात्री हे दोघं ती बॅगच पळवतात. चोरीच म्हणायची. उघडून बघतात तर आत ह्यूगो, ड्यूमा, टॉलस्टॉय, डिकन्स. जगातले एकेक मोठे लेखक, एकावर एक रचलेले.

उत्तर दुसरं: गोष्टीनं पोट भरतं का?

नाही भरत. खोटं कशाला बोलू. त्या मुलांचंही भरलं नाही, ती बिचारी भुकेलीच राहिली. पण गोष्ट कामात कशी उतरते ते बघा.

त्या डोंगरात सगळ्यात मानाचा माणूस म्हणजे शिंपी. प्रमुखापेक्षाही. तो गावोगाव फिरून नव्या वर्षाचे कपडे शिवतो, त्याला खांद्यावरच्या डोलीतून नेतात, मागून एक जण शिलाई मशीन पाठीवर वाहून आणतो. गावातल्या बाया आपलं कापड आधी घ्यावं म्हणून त्याच्याभोवती भांडतात. आपल्या ज्या ताईंनी गटातून कर्ज काढून मशीन घेतलंय त्यांना ही मिजास ऐकून बरं वाटेल.

तर हा शिंपी या मुलांच्या गावी कामाला येतो आणि मुक्काम त्यांच्याच खोलीत करतो. रात्री गोष्ट मागतो. मुलगा त्याला ड्यूमाची कादंबरी सांगायला लागतो. एका खलाशाला खोट्या आरोपात तुरुंगात टाकतात, तो सुटतो आणि एकेकाचा हिशेब चुकता करतो, अशी ती गोष्ट. ती नऊ रात्री चालते. रात्री ऐकायचं आणि दिवसा शिवायचं. आणि होतं काय? त्या वर्षी डोंगरातल्या बायकांच्या कपड्यांवर खलाशांच्या पोशाखाची झाक उतरते! ज्यांनी जन्मात समुद्र बघितला नाही त्यांच्या अंगावर समुद्र आला. म्हाताऱ्या शिंप्याच्या हाताला नवं काही सुचलं, ते गोष्टीतून सुचलं.

आपल्या शिवणकामाच्या गटांना प्रदर्शनात दरवेळी एकच अडचण येते. सगळ्यांच्या पिशव्या सारख्या, सगळ्यांची गोधडी सारखी. नवी डिझाईन आणायची कुठून? मी असं म्हणत नाही की कादंबरी वाचली की विक्री वाढेल. पण डोक्यात बाहेरचं काही गेल्याशिवाय हातातून नवं काही निघत नाही, हे तो शिंपी मला पटवून गेला.

याच भागात एक प्रसंग आहे, त्यावर मी एकटीच हसत सुटले. प्रमुख बाहेर उभा राहून चोरून गोष्ट ऐकत असतो. तो आत येतो आणि धमकावतो, बंदी असलेल्या गोष्टी सांगता काय, चला चौकीवर. आणि मग हळूच म्हणतो, माझा दात दुखतोय, तो बरा केलास तर सोडतो. लुओ दातांच्या डॉक्टरचा मुलगा खरा, पण डॉक्टर नव्हे. शेवटी शिंप्याच्या मशीनचीच सुई लावून दात कोरायचं यंत्र करतात. प्रमुखाला खाटेला बांधतात. आणि गोष्ट सांगणारा पोरगा मशीनचं पायडल मुद्दाम हळू हळू मारतो. घाणीच्या बादल्यांचा सगळा सूड एका पायडलवर! ज्यांनी ज्यांनी मशीन चालवलंय त्यांना सांगायला नको, पायडल हळू मारलं की सुई कशी अडखळत जाते.

एका डॉक्टरची फी

आता एक अवघड प्रसंग. तो मी गाळणार नाही, कारण आपल्या बैठकांत आपण आरोग्याबद्दल बोलतो.

लुओचं आणि शिंप्याच्या लेकीचं प्रेम जमतं. लुओ आईच्या आजारपणासाठी घरी जातो आणि तेव्हा तिच्या लक्षात येतं, दिवस गेलेत. लग्न करावं तर कायद्यानं वय बसत नाही. लग्नाआधी मूल म्हणजे गुन्हा. डॉक्टरकडे जावं तर तोही घाबरणार. बाई अशी चारी बाजूंनी कोंडली जाते ते चीन असो की कुठेही, आपल्याला फार समजावून सांगावं लागत नाही.

मित्र तालुक्याच्या दवाखान्यात जातो, स्त्रियांच्या डॉक्टरला गाठतो. द्यायला पैसे नाहीत. तो म्हणतो, मी तुम्हाला बाल्झाकचं पुस्तक देईन. डॉक्टरचा विश्वास बसत नाही. तेव्हा तो कोट उलटा करून आतली अक्षरं दाखवतो. डॉक्टर वाचतो आणि लगेच ओळखतो, हे भाषांतर कोणाचं आहे ते. फू लेई यांचं.

हे फू लेई खरे होते. बाल्झाकला चिनी भाषेत आणणारा हा फार मोठा भाषांतरकार. सांस्कृतिक क्रांतीत त्यांचा इतका छळ झाला की १९६६ साली त्यांनी आणि त्यांच्या पत्नीनं जीव दिला. त्यांचे शब्द मात्र एका कोटाच्या आत बसून डोंगरातल्या पोरीच्या मदतीला आले. डॉक्टर ऑपरेशन करतो. मुलगा कबूल केलेलं पुस्तक देतोच, वर स्वतःचं सगळ्यात आवडतं पुस्तकही देऊन टाकतो.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगते. आपल्या देशात बाईला यासाठी पुस्तकं लपवून नेण्याची गरज नाही. १९७१ पासून आपल्याकडे गर्भपाताचा कायदा आहे. सज्ञान बाईला ठरलेल्या मुदतीत, मान्यता असलेल्या दवाखान्यात, स्वतःच्या संमतीनं ही सेवा घेता येते आणि तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. नवऱ्याची सही कायद्यानं लागत नाही. हे माहीत नसलेल्या किती ताई आपल्याच संघात आहेत, ते आरोग्याच्या बैठकीत दिसलंय. बघा, कादंबरी वाचायला बसलो आणि कायद्यावर आलो.

उत्तर तिसरं: भलतंच काही डोक्यात शिरलं तर?

आता त्या हळू आवाजातल्या प्रश्नाकडे येते.

लुओ त्या पोरीला पुस्तकं का वाचून दाखवतो? प्रेम आहे म्हणून, हे खरं. पण त्याच्या मनात अजून एक आहे. ही डोंगरातली पोर आहे, हिला मी सुधारणार, माझ्याजोगी करणार. त्याला वाटतं, मी वाचून दाखवेन तेवढंच ती ऐकेल आणि मला हवी तेवढीच बदलेल.

ती बदलते. पुस्तकात वाचून स्वतःसाठी शहरी धाटणीचे आतले कपडे शिवते. सरकारी जाकिटाचा नमुना घेऊन त्यातून बायकांचं नवं जाकीट बेतते. केस कापते. शहरातल्यासारखं बोलायला शिकते. लुओला आनंद होतो, वाटतं, माझी मेहनत फळाला आली.

आणि एक दिवस ती निघून जाते. शहरात. एकटी. दोघं मागे धावतात, लुओ तिला गाठतो, बोलतो, पण ती थांबत नाही. बाल्झाक वाचून तिला स्वतःची किंमत कळली, असं ती सांगते आणि जाते. तिच्यामागे ही दोघं मुलं ती सगळी पुस्तकं, ज्यांच्यासाठी जीव धोक्यात घातला ती, एकेक करून जाळतात.

मी एका गटात ही गोष्ट सांगितली तेव्हा एक सासूबाई पटकन म्हणाल्या, "बघ, मी म्हणत होते ना!" सगळ्या हसल्या. मग त्यांच्या शेजारच्या काकू बोलल्या. त्या म्हणाल्या, "अगं, ती गेली म्हणून बोलतेस. पण तिला कोणी विचारलं होतं का, तुला काय हवंय?" त्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही.

कादंबरीत खरंच कोणी विचारत नाही. पूर्ण पुस्तकात तिला नावसुद्धा नाही. सगळे तिला छोटी शिंपीणच म्हणतात. आपल्यातल्या कितीजणींना गटाच्या हजेरीत पहिल्यांदा स्वतःच्या नावानं हाक मारली गेली? त्याआधी तुम्ही अमक्याची आई, तमक्याची बायको होता.

तेव्हा भीती खोटी नाही. वाचणारी मुलगी विचार करते आणि विचार करणारी मुलगी कधी कधी आपल्याला नको असलेला निर्णय घेते. पुस्तक तिला काय सांगेल यावर आपला ताबा राहत नाही. लुओचाही राहिला नाही. पण ताईंनो, मुलगी आज मोबाईलवर काय बघते त्यावर तरी आपला ताबा आहे का? घरात एकटीनं काही बघण्यापेक्षा चारचौघींत बसून एक गोष्ट ऐकावी, तिच्यावर भांडावं, सासूनं एक म्हणावं आणि सुनेनं दुसरं. ज्या घरात गोष्टीवर बोलता येतं त्या घरात उद्या खऱ्या अडचणीवरही बोलता येतं. त्या शिंप्याच्या लेकीला निघण्याआधी मनातलं बोलायला एक बाई मिळाली असती तर? आई तिची आधीच वारलेली. आपल्या गटात तर दहा-बारा बायका आहेत.

आणि पुस्तकं लपवायची गोष्ट फक्त चीनची नाही. आपल्या फलटणजवळच्या बेबीताई कांबळे. 'जिणं आमुचं' हे त्यांचं आत्मचरित्र, १९८६ साली पुस्तकरूपानं आलं. त्या छोटं किराणा दुकान चालवायच्या. मालाच्या पुड्या बांधायला जी रद्दी यायची ती आधी वाचून काढायच्या. दुकानात बसल्या बसल्या वहीत लिहायच्या आणि वह्या घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. वर्षानुवर्षं. आज ते पुस्तक परदेशातल्या विद्यापीठांतसुद्धा शिकवलं जातं. आपल्या संघात किराणा दुकान चालवणाऱ्या कितीतरी ताई आहेत. पुडीचा कागद टाकण्याआधी वाचावासा वाटतो, असं त्यातल्या दोघी-तिघींनी मला सांगितलंय.

मग करायचं काय?

ठरावात काय आहे ते नीट सांगते, म्हणजे गैरसमज नको.

पुस्तकांसाठी कर्जाच्या निधीला हात लावायचा नाही. गावात किंवा जवळ सार्वजनिक वाचनालय असेल तर आधी तिथे चौकशी करायची. आपल्या राज्यात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि कितीतरी खेड्यांतली वाचनालयं सरकारी अनुदानावर चालतात. अनेक ठिकाणी तिथे फक्त पुरुष मंडळी पेपर वाचायला बसतात. आपण गेलो तर आपली अडवणूक करायचा कोणाला अधिकार नाही.

गटाच्या बैठकीचे विषय ठरलेले आहेत ते तसेच राहतील. बचत जमा, कर्जफेड, नोंदवही, सगळं झालं की मगच पंधरा मिनिटं. पुस्तक गटानं निवडायचं, मी निवडून देणार नाही. सुरुवातीला सुचवायचं झालं तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. लग्नानंतर अक्षर गिरवलेल्या बाईनं लिहिलंय आणि इतकं गमतीचं आहे की बैठक पंधरा मिनिटांत उठणार नाही. 'जिणं आमुचं' घ्या. आवडलं नाही तर अर्ध्यावर सोडा, पुस्तकाला राग येत नाही. कोणाला घरी न्यायचं तर वहीत नोंद करून न्या, कर्जासारखीच. फरक एवढाच की याच्यावर व्याज नाही.

आणि वाचणारीनं एक पथ्य पाळायचं. शेवटी "यातून काय बोध घेतला?" असं विचारायचं नाही. शाळेत ते विचारतात आणि म्हणूनच मुलांना पुस्तकांचा कंटाळा येतो. आवडलं का, कोण खरं वाटलं, कोणाचा राग आला, एवढंच विचारा. मला ही कादंबरी का आवडली असं मला विचाराल तर मी सांगेन, त्या पायडलमुळे, त्या कोटामुळे, आणि ती पोरगी मागे वळून न बघता डोंगर उतरते त्यामुळे. तिचं बरोबर की चूक, हे माझं अजून ठरत नाही. वाचून इतके महिने झाले तरी ती मध्येच आठवते. गाडीवरून गावी येताना, घाटात.

ठरावावर पुढच्या सभेत मतदान आहे. त्याआधी प्रत्येक गटानं आपल्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि हो किंवा नाही, जे असेल ते इतिवृत्तात लिहून सचिव ताईंच्या सहीनं पाठवावं. नाही म्हणालात तरी चालेल, पण का नाही ते लिहा. आणि चप्पल घालता घालता विचारायचा जो प्रश्न आहे, तो या वेळी सतरंजीवर बसूनच विचारा.